एफआयआरची प्रत ऑनलाइन काढताना: ‘जिल्हा’ म्हणजे पोलीस घटक

एफआयआरची प्रत मिळवायला एजंटाला पैसे मोजू नका. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर ती फुकट मिळते आणि त्यासाठी लॉगिनही लागत नाही. प्रसिद्ध झालेल्या एफआयआरचा विभाग उघडा. तिथे तारखा, जिल्हा, पोलीस ठाणे आणि गुन्हा क्रमांक भरून शोधा.

‘नो रेकॉर्ड’ आलं की बहुतेक जण साइटला दोष देऊन उठतात. दोष साइटचा आहेच, पण वेगळ्या ठिकाणी. ‘जिल्हा’ या रकान्यात महसुली जिल्हे नसतात, पोलीस घटक, म्हणजे शहरांची पोलीस आयुक्तालयं आणि ग्रामीण पोलीस दलं असतात, आणि हे तिथे कुठेही समजावून सांगितलेलं नाही. पनवेल, खारघर, कामोठे रायगड जिल्ह्यात येतात, पण त्यांचे गुन्हे नवी मुंबई आयुक्तालयात दाखल होतात. वसई-नालासोपारा पालघर जिल्ह्यात, पण १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर वसई-विरार आयुक्तालयाकडे. डोंबिवली, उल्हासनगरसाठी ठाणे शहर निवडायचं; मुरबाड, शहापूरसाठी ठाणे ग्रामीण. पुण्यात तर तीन घटक आहेत: पुणे शहर, पुणे ग्रामीण आणि १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवड. चाकण, आळंदी, हिंजवडी या तिसऱ्यात. गुन्हा हद्द बदलण्याआधीचा असेल, तर जुना घटकही तपासून पाहा.

लोकलमध्ये मोबाइल चोरीला गेला तर गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे असतो. कुर्ला पोलीस ठाणे आणि कुर्ला लोहमार्ग पोलीस ठाणे ही दोन वेगळी ठाणी आहेत. ऑनलाइन फसवणुकीचा गुन्हा घराजवळच्या ठाण्याऐवजी सायबर पोलीस ठाण्यात नोंदलेला असू शकतो. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द नसलेल्या ठाण्यात शून्य क्रमांकाने नोंदलेला गुन्हा असेल तर तो ज्या ठाण्याकडे वर्ग झाला, तिथला नवा क्रमांक मागून घ्या. शून्य क्रमांकावर शोधत बसू नका.

दुसरी चूक तारखेची. घटना कधी घडली ते इथे चालत नाही, गुन्हा नोंदवल्याची तारीख लागते. फसवणुकीच्या प्रकरणांत या दोन तारखांमध्ये महिनेही जातात. गुन्हा क्रमांक दर वर्षी १ जानेवारीला पुन्हा एकपासून सुरू होतो, त्यामुळे १२३/२०२३ आणि १२३/२०२४ यांचा एकमेकांशी संबंध नाही. क्रमांकाची खात्री नसेल तर तो रकाना रिकामा ठेवा, नोंदणीच्या तारखेच्या मागेपुढे दोन दिवस घ्या आणि यादी डोळ्यांखालून घाला. अंदाजाने क्रमांक टाकण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

पीडीएफ उतरवा, ठाणं आणि वर्ष जुळतंय का पाहा.

तरीही सापडत नसेल तर आधी हातातला कागद नीट वाचा. अदखलपात्र नोंद म्हणजे एनसी असेल, तर ती एफआयआर नव्हे. पोर्टलवर केलेली ई-तक्रारही आपोआप एफआयआर होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिलेल्या खबरीवर तीन दिवसांत सही करावी लागते, तेव्हाच ती नोंदवून घेतली जाते. ही मुदत चुकवू नका.

एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे. दुर्गम भागात नेटवर्कची अडचण असेल तर ही मुदत ४८ तास, जास्तीत जास्त ७२ तास. लैंगिक गुन्हे, पोक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचाराचा कायदा), दहशतवाद अशा संवेदनशील प्रकरणांना यातून सूट आहे, मात्र न टाकण्याचा निर्णय उपअधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. तेव्हा ‘सर्व्हर डाउन आहे’ हे उत्तर आठवडाभर ऐकून घेऊ नका.

तुम्ही फिर्यादी किंवा पीडित असाल तर कलम १७३(२) नुसार ठाण्यातून प्रत मोफत मिळते. आरोपीला किंवा त्याच्या वतीने येणाऱ्याला ठाणेप्रमुखाकडे किंवा अधीक्षकांकडे अर्ज करून शुल्क भरल्यावर २४ तासांत प्रत मिळायला हवी. प्रकरण संवेदनशील म्हणून प्रत नाकारली, तर अधीक्षकांकडे लेखी निवेदन द्या. आयुक्तालय असेल तर आयुक्तांकडे. त्यांनी तीन अधिकाऱ्यांची समिती नेमायची आणि तिने तीन दिवसांत निर्णय कळवायचा असतो. निवेदनाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबलासमोरून हलू नका.