कोळशाच्या राखेची निक्षालन चाचणी कशी करावी

राखेत आर्सेनिक एकूण किती आहे, यापेक्षा त्यातले किती पाण्यात उतरते, हे भूजलाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. पाण्यात उतरण्याच्या या क्रियेला निक्षालन म्हणतात आणि चाचणी त्याचीच करायची असते.

राखेच्या तळ्यात जाड कण पाणी सोडण्याच्या तोंडाजवळ बसतात व बारीक कण पुढे वाहत जातात, म्हणून नमुने अनेक ठिकाणांहून आणि वेगवेगळ्या खोलींवरून घ्यावेत. ते भट्टीत वाळवू नयेत, कारण पारा उडून जातो. ओलावा मोजण्यासाठी वेगळा भाग ठेवावा. पुढच्या सगळ्या कामासाठी पॉलिथिलीनच्या बाटल्या वापराव्यात, कारण बोरोसिलिकेट काचेतून बोरॉन सुटते आणि नेमके तेच आपल्याला मोजायचे असते.

चाचणीची निवड हा खरा कळीचा भाग आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची १३११ क्रमांकाची चाचणी सर्रास वापरली जाते. परंतु तिच्यातले ॲसेटिक आम्ल शहरी कचऱ्याच्या भरावातील परिस्थितीचे अनुकरण करते आणि नुसत्या राखेच्या ढिगात असे आम्ल नसते. आम्लात शिसे व कॅडमियम सहज सुटतात, पण सेलेनियम, मॉलिब्डेनम आणि षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचे विषारी, पाण्यात सहज विरघळणारे रूप) अल्कधर्मी पाण्यातही विरघळलेले राहतात, आणि चुनायुक्त राखेचे पाणी बहुधा अल्कधर्मीच असते. शिवाय या चाचणीत आर्सेनिकची मर्यादा लिटरला ५ मिलिग्रॅम आहे, तर पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य ०.०१ मिलिग्रॅम, म्हणजे पाचशे पटींनी कमी आहे. त्यामुळे ‘चाचणीत उत्तीर्ण’ हा शेरा वाचून विहिरीबाबत निर्धास्त होणे मला धोक्याचे वाटते.

म्हणून त्याच संस्थेची १३१३ क्रमांकाची पद्धत वापरावी. कोरड्या राखेच्या प्रत्येक ग्रॅममागे १० मिलिलिटर द्रव घेऊन, आम्ल किंवा अल्क मिसळून, सामू (आम्ल-अल्कपणाचे माप, pH) २ ते १३ यांच्या दरम्यानच्या ठरावीक टप्प्यांवर वेगवेगळ्या बाटल्या फिरवाव्यात. कण ०.३ मिलिमीटरपर्यंतचे असतील तर २४ तास पुरतात, जाड असतील तर अधिक वेळ द्यावा. त्यानंतर सामू मोजून ०.४५ मायक्रोमीटरच्या गाळणीतून अर्क गाळावा. धातूंसाठीचा भाग नायट्रिक आम्लाने सामू २ च्या खाली आणून ठेवावा, मात्र षट्संयुजी क्रोमियमचा भाग आम्लात घालू नये, कारण आम्लात त्याचे रूप बदलू शकते. राख न घातलेली एक बाटलीही याच सर्व पायऱ्यांतून न्यावी, म्हणजे बाटलीतून किंवा रसायनांतून आलेली अशुद्धी कळते.

आयसीपी-एमएस यंत्रावर (आर्गॉनच्या प्लाझ्मात मूलद्रव्यांचे आयन करून ते वस्तुमानानुसार मोजणारे यंत्र) आर्सेनिक मोजताना क्लोराइड व आर्गॉन यांच्या संयोगाने ७५ वस्तुमानाचाच आयन तयार होतो, तो आर्सेनिक म्हणून मोजला जातो आणि आकडा फुगतो. यासाठी हेलियमची टक्कर-कोठडी (हेलियमशी टक्कर घडवून असे जोड-आयन रोखणारा यंत्राचा भाग) सुरू ठेवावी. क्षारयुक्त अर्क पातळ केला की शोधमर्यादाही (यंत्राला ओळखता येणारे किमान प्रमाण) तितक्याच पटीने वाढते, म्हणून अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहिण्यापूर्वी ती मर्यादा पिण्याच्या पाण्याच्या मूल्यापेक्षा खाली आहे का, हे तपासावे.