मेनफ्रेम कन्सोल: स्पूलचा इशारा वेळेत कसा मिळवायचा

लातूर-नांदेडला बसून दूरच्या मेनफ्रेमची (मोठ्या संस्थांचा मध्यवर्ती संगणक) शिफ्ट सांभाळताना आधी कन्सोलवर, म्हणजे कमांड द्यायच्या स्क्रीनवर, 'डी टी' कमांड द्या. स्थानिक वेळ आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) दोन्ही दिसतात. होस्ट यूटीसीवर असेल तर आपल्या रात्री दीडची बॅच (एकगठ्ठा चालणारी कामं) लॉगमध्ये आदल्या तारखेला 20:00 वाजता सापडते. नवी मंडळी हमखास इथेच अडकतात.

मग जेस-2 चा, म्हणजे मेनफ्रेमवरची कामं (जॉब) रांगेत लावणाऱ्या प्रणालीचा, स्पूल; जॉबचं आउटपुट साठवायची डिस्कवरची जागा. '$डी स्पूलडेफ' देऊन टीजीस्पेसमधला (स्पूलच्या जागेचा तपशील) वॉर्न आकडा, म्हणजे किती टक्के भरल्यावर इशारा द्यायचा ती हद्द, पाहा. मुळात तो 80 टक्के असतो. बॅच जड असेल तर 80 ला इशारा म्हणजे उशीरच; '$टी स्पूलडेफ,टीजीस्पेस=(वॉर्न=70)' केलेलं बरं. हद्द ओलांडली की हॅस्प-050 संदेश येतो. कन्सोलच्या अलर्ट नियमात हाच क्रमांक टाका, नाहीतर तो इतर संदेशांच्या गर्दीत वाहून जातो.

स्पूल भरण्यामागे बऱ्याचदा लूपमध्ये अडकून लाखो ओळी छापत सुटलेला एखादाच जॉब असतो. '$डी जॉबक्यू,स्पूल=(%>5)' ने 5 टक्क्यांहून जास्त स्पूल खाणारे जॉब दिसतात, त्यात तो लगेच पकडता येतो. रद्द करण्याआधी मालक टीमला विचारा.

लाइट जाऊन लिंक तुटली असेल, तर परत आल्यावर पहिलं काम 'डी आर,एल'; ऑपरेटरच्या उत्तरासाठी थांबलेल्या संदेशांची यादी दिसते. उत्तराची वाट पाहणारा जॉब तसाच ताटकळत उभा असतो.