वाढ्यांच्या हंगामात खनिज मिश्रण चुकवू नका

कारखान्यांचे गळीत सुरू झाले की बारामती, इंदापूर, दौंड, शिरूरच्या गोठ्यांत दोन्ही वेळेला वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, येतात. चारा स्वस्त, जनावरेही आवडीने खातात. पण वाढ्यांतले ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते आणि ते शेणावाटे निघून जाते. एक लिटर दुधातून साधारण १.२ ग्रॅम कॅल्शियम बाहेर पडते, म्हणजे १५ लिटरच्या गायीचे रोज १८ ग्रॅम. कमी पडलेले ती हाडांतून काढते. दूध लगेच घटत नाही, म्हणून आपल्या लक्षात येत नाही. पुढे फॉस्फरस, तांबे, जस्तही कमी पडले की दावे चघळणे, माती खाणे, मुका माज (माजाची लक्षणे न दिसणे), गाय उलटणे (भरवूनही गाभण न राहणे) सुरू होते.

नुसत्या वाढ्यांवर गोठा चालवू नका. सोबत कडबा, मुरघास (हवाबंद साठवून आंबवलेला हिरवा चारा), थोडा मेथीघास (लसूणघास) हवाच. वाढ्यांची कुट्टी करून त्यावर चुन्याची निवळी शिंपडली तर आणखी चांगले.

दुभत्या गायीला दुधाप्रमाणे रोज ५० ते १०० ग्रॅम खनिज मिश्रण द्या, मीठ वेगळे. घटकांचे प्रमाण छापलेले नसेल ती पिशवी घेऊच नका. पावडर कोरड्या चाऱ्यावर भुरभुरली की गव्हाणीच्या तळाशी पांढरा थर उरतो, गायीच्या पोटात काहीच जात नाही. भिजवलेल्या आंबोणात (खुराकात) कालवा. नव्याने सुरू करताना चिमूटभरापासून वाढवत न्या, वासाने गाय तोंड फिरवते.

जीवनसत्त्वांच्या महागड्या बाटल्यांवर वर्षभर खर्च करायची गरज नाही. 'ब' गटातली बहुतेक जीवनसत्त्वे गायीच्या कोठीपोटातच तयार होतात, 'ड' उन्हातून मिळते, 'अ' हिरव्या चाऱ्यातून. उन्हाळ्यात नुसता कडबा उरला की मात्र 'अ' बाहेरून द्यावे लागते.

गाभण गायीबाबत एक चूक सर्रास होते. व्यायला तीन आठवडे उरले की लोक कॅल्शियमच्या बाटल्या पाजतात. तेव्हा जादा कॅल्शियम मिळाले तर हाडांतून ते काढायची शरीराची सवय मंदावते आणि व्याल्यावर दुग्धज्वर (रक्तातले कॅल्शियम एकदम घटणे) होतो. या काळात बाटली बंद, कॅल्शियम जास्त असलेला मेथीघासही कमी. व्याल्यानंतर दोन-तीन दिवसांत गाय बसली, मान कुशीकडे वळवली, कान गार लागले तर तोंडाने काहीही पाजू नका, ठसका लागून औषध फुप्फुसात जाते. तिला छातीवर बसती ठेवा आणि पशुवैद्यकांना लगेच बोलवा. शिरेतून कॅल्शियम त्यांनीच द्यायचे.