नोकरी सांभाळून हिवाळ्यात घोड्याची निगा कशी राखावी: सातारा-सांगलीकडच्या घोडेवाल्यांसाठी

सातारा-सांगलीच्या हिवाळ्यात घोड्याला थंडी फारशी नडत नाही, नडतं ते घड्याळ. नोव्हेंबरअखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जानेवारीच्या मध्यावर सात वाजून गेल्याशिवाय उगवत नाही. कुपवाड किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जाणारा माणूस अंधारातच घर सोडतो, जनरल पाळीचा अंधारात परततो. आठवडाभर घोडा धड उजेडात दिसत नाही. सुजलेला पाय, बुरशी धरलेली पेंडी, न प्यायलेलं पाणी हे उजेडात एका नजरेत कळतं, अंधारात मात्र तीन-चार दिवस लपून राहतं. म्हणून डोळ्यांचं काम सुट्टीच्या दिवशी उरकायचं, रोजचं काम हातांवर आणि खुणांवर सोपवायचं आणि दुपारी घोडा उपाशी राहणार नाही अशी सोय आधीच लावून ठेवायची.

आधी वजन काढा

वैरण, चंदी (घोड्याचा दाणा), जंताचं औषध यांची सगळी मापं वजनावर चालतात. शिंप्याच्या टेपने पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या. दोन्ही मापं सेंटीमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे अंदाजे किलो. घेर १६५ आणि लांबी १५२ असेल तर वजन सुमारे ३४८ किलो येतं. पुढचे आकडे अशाच ३५० किलोच्या, हलकं काम करणाऱ्या घोड्याचे आहेत. तुमचा घोडा लहान-मोठा असेल तर त्या प्रमाणात बदला. महिन्यातून एकदा माप घेऊन वहीत लिहा. हिवाळ्यात केस दाट वाढतात, त्यामुळे घोडा रोडावला तरी वरून भरलेलाच दिसतो. बरगड्यांवर सपाट हात फिरवला की खरं कळतं.

सुट्टीच्या दिवशी उजेडात करायची कामं

पहिलं काम वैरण निवडण्याचं. शाळूचा कडबा फेब्रुवारी-मार्चमध्ये गंजीला लागतो, म्हणजे डिसेंबरात हाती येतो तो पावसाळा काढलेला, गंजीच्या तळाचा माल. पेंडी उकलून उन्हात झटका. पांढरी-काळी धूळ उडाली, कुबट वास आला किंवा पानांवर काळे ठिपके दिसले, तर ती पेंडी घोड्याला नाही. गाय-बैल थोडी खराब वैरण पचवून नेतात, घोड्याला त्याच बुरशीने खोकला लागतो, दम लागतो, पोटशूळ उठतो. विजेरीच्या उजेडात ही बुरशी दिसत नाही, म्हणून आठवड्याचा कडबा आजच निवडून वेगळा रचा. डोंगराचं वाळलेलं गवत घेत असाल तर कुसळं तपासा. उशिरा कापलेल्या गवताची कुसळं ओठात आणि हिरड्यांत रुततात, मग घोडा तोंडातून लाळ गाळतो आणि चंदी अर्धी टाकतो.

दुसरं काम पुड्या बांधण्याचं. चंदी ताणकाट्यावर तोलून चौदा पिशव्यांत भरा, सकाळ-संध्याकाळ एक. दिवसाला एक ते दीड किलो पुरे, एका वेळी एक किलोच्या वर कधीच नको. यात भरडलेले जव किंवा ओट निम्म्याहून जास्त, हरभरा अर्ध्या किलोच्या आत. गव्हाचा कोंडा मूठभरच, कारण त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं. दिवसभरात मिळून मीठ २० ते २५ ग्रॅम, म्हणजे साधारण चार चहाचे चमचे. पिशव्या झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवा. जनावरांच्या पशुखाद्याचं पोतं या पिंपाजवळ ठेवू नका. गुरांच्या आणि कोंबड्यांच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध असतं, ते घोड्याला जिवावर बेततं. अंधारात, घाईत, दुसऱ्याच्या हातून चुकीच्या पोत्यात माप बुडणं अगदी सहज घडतं.

खुरांची नीट तपासणीही आजच. तळव्यातला त्रिकोणी मऊ भाग काळपट, ओला आणि वासाचा झाला असेल तर खूर सडायला लागलं आहे आणि पागा ओली राहते आहे. नाल सैल आहे का, खिळ्यांची टोकं वर आली आहेत का, हे बघा. नालबंदाची फेरी पाच-सहा आठवड्यांनी ठरलेली असावी. लग्नसराईत नालबंद ऐनवेळी मिळत नाही.

दुपारची पोकळी

घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत राहतं, चरत असो वा नसो. सकाळी आठला गव्हाण रिकामी झाली आणि माणूस सातला परतला, तर अकरा तास ते आम्ल रिकाम्या जठराला भाजतं. त्यातून अल्सर होतो, दावं आणि खुंटा चघळायची सवय लागते. मग भुकेने चंदीवर तुटून पडल्यावर पोटशूळ. चार-पाच तासांहून मोठा खंड पडू न देणं हे या सगळ्या वेळापत्रकाचं मर्म आहे.

कोरडी वैरण दिवसाला साडेसहा ते सात किलो लागते. सकाळी दीड किलो, दुपारी दोन, रात्री तीन ते साडेतीन. रात्रीचा वाटा मोठा ठेवायचा, कारण रात्र लांब असते आणि वैरण पचताना अंगात जेवढी ऊब तयार होते तेवढी चंदीने होत नाही. दुपारची सोय दोन तऱ्हांनी होते. तीन-चार सेंटीमीटर भोकांच्या नायलॉनच्या जाळीत वाळलेलं गवत भरून टांगलं तर घोड्याला ते उपसून खायला वेळ लागतो. जाळी रिकामी झाल्यावरही तिचं बूड घोड्याच्या गुडघ्याच्या वर राहील इतकी उंच बांधा, नाहीतर नाल जाळीत अडकते. गाठ अशी मारा की एक टोक ओढताच सुटावी. कुट्टी केलेला कडबा जाळीतून गळतो, तो गव्हाणीतच घाला. कुट्टी दोन-तीन सेंटीमीटरची असावी आणि तिच्यावर पाणी शिंपडावं. फार बारीक केली तर घोडा न चावता गिळतो.

दुसरी तऱ्हा माणसाची. शेजारच्या काकू, वस्तीवरचा पोरगा, कोणीही चालेल, पण काम एकच सांगा: ही बांधून ठेवलेली पेंडी दुपारी एकला गव्हाणीत टाकायची आणि पाण्याची बादली बघायची. चंदीला हात लावायचा नाही. तेवढं पागेच्या दारावर खडूने लिहून ठेवा.

ऊसतोडीच्या दिवसांत वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, फुकटात मिळतात आणि मोह होतो. वाढ्यांत आणि नेपिअरसारख्या गवतांत ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. रोज तेच खाणाऱ्या घोड्याची हाडं ठिसूळ होतात, तोंडाची हाडं फुगतात. चवीपुरते चार-दोन वाढे चालतील, मुख्य वैरण म्हणून नकोत. हिरवंच द्यायचं तर तीन-चार किलो लसूणघास द्या, त्यात कॅल्शियम भरपूर असतं. हिरव्या ज्वारीवर घोडा चारू नका. कोवळ्या आणि पाण्यावाचून खुरटलेल्या ज्वारीत विष असतं, शिवाय सतत चरल्याने घोड्याच्या मूत्राशयाला आणि मागच्या पायांना इजा होते.

अंधारातली सकाळ, चाळीस मिनिटांत

डोक्याला बांधायची पांढऱ्या उजेडाची विजेरी घ्या. पिवळ्या उजेडात हिरड्यांचा रंग ओळखता येत नाही. पागेत चार्जिंगचा बल्ब लावला तर वीज गेली तरी काम थांबत नाही. वायर पाइपातून, घोड्याच्या तोंडाला पोचणार नाही अशी न्या.

१. आत शिरण्याआधी क्षणभर थांबून ऐका. चघळण्याचा आवाज, फुरफुरणं, पाय आपटणं.

२. रात्रीची लीद मोजा. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा लीद पडते, रात्रीत निदान तीन-चार ठिकाणी दिसायला हवी. गोळे कोरडे, कडक आणि लहान असतील तर पाणी कमी पडतंय.

३. पाण्याचं पिंप बघा. आतल्या बाजूने दर पाच लिटरला रेघ ओढून ठेवलेली असली की विजेरीने एका क्षणात कळतं.

४. वैरण टाका. चंदी वीस-पंचवीस मिनिटांनी. रिकाम्या पोटी आधी चंदी दिली तर घोडा ती बकाबक गिळतो.

५. तो खात असताना हात फिरवा. चारही पाय गुडघ्यापासून खाली, डावा-उजवा ताडून. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम किंवा भरलेला लागला तर त्या दिवशी काम बंद आणि संध्याकाळी पुन्हा तपासणी. मग खुरं उचलून आकडीने साफ करा. खोगीर आणि तंग जिथे बसतो तिथे बोटांनी चाचपा.

६. तोबऱ्यात, म्हणजे तोंडाला बांधायच्या पिशवीत, चंदी दिली असेल तर तोबरा काढल्याशिवाय पागा सोडू नका. तोंडाला तोबरा असताना घोड्याला पाणी पिता येत नाही, आणि त्याने तो पिंपात बुडवला तर नाकात पाणी जातं.

७. लीद आणि ओला पेंढा काढा. सगळं दार-खिडक्या लावून पागा गरम ठेवायचा प्रयत्न नको. मुताच्या वासाने डोळे चुरचुरले तर घोड्याच्या छातीत तोच वास आठ तास जातो आहे. छताखालची फट उघडी ठेवा, फक्त वाऱ्याची बाजू गोणपाटाने झाका. आणि शेकोटी पागेच्या आसपास कधीही पेटवू नका.

खरारा रोज पूर्ण जमला नाही तरी चालेल. खोगिराची जागा आणि पाय रोज, बाकी अंग सुट्टीला.

हरभरा रात्री भिजत घातला तर सकाळी द्यायला ठीक. सकाळी भिजवलेला संध्याकाळी आंबतो, कारण भर हिवाळ्यातही दुपारी ऊन तापतं. म्हणून संध्याकाळच्या पुडीत हरभरा ठेवू नका.

पाणी

कोरड्या वैरणीवर घोडा दिवसाला २० ते ३० लिटर पाणी पितो. थंडीत तो आपणहून कमी पितो आणि इथेच पोटशूळाची सुरुवात होते. रात्रभर टाकीत राहिलेलं पाणी सकाळी गार असतं, विहिरीतून किंवा बोअरमधून नुकतं उपसलेलं कोमट. शेतीच्या लाइनला वीज कधी दिवसा, कधी रात्री येते, तेव्हा मोटर चालू असेल तेव्हाच पिंप भरून ठेवा. चंदीत पाणी घालून पातळसर करणं आणि मीठ न चुकवणं हे दोन साधे उपाय पाणी वाढवतात.

झूल घालावी का

सकाळी पारा बारा अंशांवर आणि दुपारी तीसच्या आसपास, हा आपल्याकडचा हिवाळा. पहाटे सहाला घातलेली झूल अकरा वाजता घामाने भिजते आणि काढायला घरी कोणी नसतं. संध्याकाळच्या गार वाऱ्यात तीच ओली झूल घोड्याला आजारी पाडते. धडधाकट, केस न कापलेल्या घोड्याला इथे झुलीची गरज नसते, वारा अडवणारी भिंत आणि कोरडा पेंढा पुरतो. महाबळेश्वर-पाचगणीकडे, म्हाताऱ्या किंवा रोड झालेल्या घोड्याला रात्री झूल घाला, पण सकाळी कामावर निघण्याआधी काढा.

अंधारात फिरवून आणलेला घामेजला घोडा तसाच बांधू नका. दहा मिनिटं हळू चालवा, गोणपाटाने उलट्या केसांनी घासा, पाठीवर पेंढ्याचा थर टाकून त्यावर झूल घाला. अर्ध्या तासाने हात घाला, अंग कोरडं लागलं की दोन्ही काढा.

आठवडाभर उभा, रविवारी दौड

नोकरदाराच्या घोड्याला सगळ्यात मोठा धोका हा आहे. पाच दिवस घोडा खुंट्याला उभा, चंदी पूर्ण, आणि सुट्टीला अचानक दौड किंवा लग्नाची लांब वरात. पंधरा-वीस मिनिटांत चाल आखडते, घाम फुटतो, पुठ्ठ्याचे स्नायू लाकडासारखे कडक होतात, लघवी कॉफीच्या रंगाची होते. स्नायू तुटत असतात आणि त्यांचा रंग मूत्रपिंडातून बाहेर पडतो, त्यात मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. असं दिसलं की जागेवरच थांबा. चालवून मोकळा करायला जाऊ नका. पाठ झाका, पाणी द्या, डॉक्टरांना तिथेच बोलवा.

टाळायचं कसं, तर ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी चंदी निम्मी, वैरण तेवढीच. रोज निदान वीस मिनिटं हाताने चालवणं किंवा कुंपणाच्या आवारात मोकळं सोडणं. सुट्टीला पहिली पंधरा मिनिटं फक्त पावलांची चाल. लग्नाची सुपारी असेल तर आधीच्या तीन दिवसांत थोडं-थोडं काम वाढवत न्या.

रोजची फेरी कधी घ्यायची? डिसेंबरात संध्याकाळ लवकर संपते, तेव्हा सकाळी. जानेवारीत पहाट उशिरा होते आणि संध्याकाळी थोडा उजेड उरतो, तेव्हा संध्याकाळी. मोठ्या रस्त्यावर अंधारात घोडा नेऊ नका. ऊसवाहतुकीच्या ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो आणि बाहेर डोकावणारा ऊस घोड्याच्या डोळ्याला लागतो. जावंच लागलं तर चारही पायांना आणि शेपटीला चमकणाऱ्या पट्ट्या बांधा. कराड, पाटण, शिराळा भागात फड तुटताना बिबट्या वस्तीकडे सरकतो, शिंगरू आणि लहान तट्टू रात्री जाळीच्या दाराआड ठेवा.

फिरती पाळी असेल तर वैरणीचं घड्याळ तेच ठेवा. पाळी बदलण्याआधीच्या तीन-चार दिवसांत फक्त चंदीची वेळ रोज अर्धा-पाऊण तास सरकवा.

रात्री पोटशूळ उठला तर

कामावरून परतल्यावर घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतोय, वळून कुशीकडे बघतोय, पुन्हा पुन्हा बसतोय-उठतोय, वैरण तशीच आहे: हा पोटशूळ. वैरण-चंदी काढून घ्या, पाणी राहू द्या. जबड्याखालच्या नाडीवर बोट ठेवून मिनिटभर मोजा. निरोगी घोड्याची नाडी २८ ते ४४ असते, साठच्या वर गेली तर प्रसंग बाका आहे. अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस हे नेहमीचं. हिरडी दाबून सोडा, दोन सेकंदांत रंग परतायला हवा. हे आकडे आणि शेवटची लीद कधी पडली ते डॉक्टरांना फोनवरच सांगा. पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे, शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. गाडीवाल्याचा आणि डॉक्टरांचा नंबर पागेच्या दारावर ऑइलपेंटने लिहिलेला असावा.

डॉक्टर येईपर्यंत घोडा लोळत असेल तर हळूहळू चालवा, शांत पडून असेल तर पडू द्या. नाळीने किंवा बाटलीने तेल पाजू नका. ते फुप्फुसात उतरलं तर पोटशूळातून वाचलेला घोडा न्यूमोनियाने जातो. घरातलं वेदनाशामक देऊ नका, त्याने लक्षणं दबतात आणि डॉक्टरांना पोटात काय चाललंय ते कळत नाही.