किडनी स्टेज ४-५ मध्ये असेल तर औषधांच्या या चुका टाळा

जीएफआर (किडनी रक्त किती गाळते त्याचा आकडा) ३० च्या खाली म्हणजे स्टेज ४, १५ च्या खाली स्टेज ५, हे रिपोर्टवर असतं, पण घरातला गोळ्यांचा डबा मात्र जुनाच राहतो आणि खरा घोळ तिथेच होतो.

पहिला नंबर पेनकिलरचा. गुडघा दुखला की आयबुप्रोफेन नाहीतर डायक्लोफिनॅक, आणि "एकच तर घेतली" म्हणून डॉक्टरांना सांगायचंही नाही. या गोळ्यांनी किडनीत रक्त आणणारी बारीक नळी आकसते, त्यात बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल चालू, वर लघवी वाढवणारी गोळी, मग क्रिएटिनिन (किडनी मंदावली की रक्तात वाढणारा कचरा) काही दिवसांत उसळी मारू शकतं. दुखलंच तर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसमध्ये, आणि पाण्यात फसफसणारी नको, तिच्यात सोडियम भरपूर असतं.

उलट्या-जुलाब लागले तर त्याच दिवशी फोन करून विचारा की बीपीची आणि लघवीची गोळी थांबवू का. पण एरवी रॅमिप्रिल सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडं वाढलं म्हणून घाबरून परस्पर बंद करू नका, साधारण ३०% पर्यंतची वाढ बरेचदा चालते, फक्त पोटॅशियम तपासून घ्यायचं.

माझे सासरे दिवसभर पेंगायचे, जेवताना हाताला झटका बसून चमचा पडायचा, आम्ही म्हटलं वय झालं. निघाली प्रीगाबालिन! पाय जळतात म्हणून जुन्याच डोसमध्ये चालू होती, आणि ती लघवीवाटेच बाहेर पडते, म्हणजे किडनी मंदावली की अंगात साचणारच. डोस कमी केला आणि आठवड्याभरात स्वारी पुन्हा पेपर वाचायला लागली.

इन्सुलिनचंही तेच, ते अंगात जास्त वेळ टिकतं, त्यामुळे शुगर अचानक छान यायला लागली तर खूश होऊ नका, डोस कमी करायची वेळ आलेली असू शकते. मेटफॉर्मिन तर जीएफआर ३० खाली गेला की बंदच करतात.

लो सोडियम मीठ हेल्दी वाटतं, पण बऱ्याचदा त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि मंदावलेल्या किडनीला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही, म्हणून ते नकोच. अँटासिडमध्ये मॅग्नेशियम किंवा ॲल्युमिनियम आहे का तेही बघा, तीही अशीच अंगात साचतात.

आणि फॉस्फरस कमी करायची गोळी जेवताना घ्यायची हो, ती अन्नातला फॉस्फरस पोटातच पकडते, रात्री झोपताना आठवली म्हणून घेतली तर काही उपयोग नाही, पकडायला पोटात अन्न तर हवं ना!