नुसतं 'रॉजर' म्हणून सुटका करून घेऊ नका: रेडिओवरच्या या चुका टाळा

फ्लाइंग शिकणाऱ्या पोरांची विमानाची भीती थोड्या दिवसांत जाते, पण रेडिओची काही केल्या जात नाही, आणि बहुतेक चुका त्या घाबरण्यातूनच होतात. मी शिकवतो त्यामुळे रोज बघतो, टॉवरने, म्हणजे विमानतळावरून विमानांना सूचना देणाऱ्या कंट्रोलरने, काही सांगितलं की पोरगं माझ्या तोंडाकडे बघतं, अंगठा बटणावर जातो आणि तोंडातून निघतं 'रॉजर'. विचारलं काय सांगितलं रे, तर गप्प.

रॉजर म्हणजे फक्त 'तुमचं बोलणं ऐकलं', बाकी काही नाही. हो म्हणायचं तर 'अफर्म', सांगितलंय तसं करतो म्हणायचं तर 'विल्को'. आणि रनवे, अल्टिट्यूड (उंची), हेडिंग (दिशा), क्यूएनएच (उंची मोजायच्या यंत्रात लावायचा हवेच्या दाबाचा आकडा), स्क्वॉक (रडारवर विमान ओळखायचा चार आकडी कोड), नवी फ्रिक्वेन्सी यातलं काहीही मिळालं की आकड्यांसकट परत म्हणून दाखवायचं, यालाच रीडबॅक म्हणतात, कारण तुम्ही चुकीचं ऐकलं असेल तर ते पकडायची संधी कंट्रोलरला तिथेच मिळते. नाही कळलं तर 'से अगेन' म्हणा, दोनदा म्हणा, त्यात लाज कसली?

हेडिंग, स्क्वॉक, फ्रिक्वेन्सी यांचे आकडे एकेक सुटे बोला, नऊला नाइनर, तीनला ट्री, पाचला फाइफ असेच, ऐकायला विचित्र वाटले तरी. उंची मात्र 'टू थाउजंड फोर हंड्रेड' अशी, हजार आणि शे लावून बोला. १९८९ मध्ये क्वालालंपूरला उतरणाऱ्या फ्लाइंग टायगरच्या मालवाहू विमानाला २,४०० फुटांपर्यंत खाली या म्हणून 'डिसेंड टू फोर झीरो झीरो' असं सांगितलं होतं. कॉकपिटमध्ये त्यातला पहिला 'टू' आकडा वाटलाच नाही, 'पर्यंत' या अर्थाचा वाटला. उत्तर गेलं 'ओके, फोर झीरो झीरो', ते कोणी दुरुस्त केलं नाही, आणि विमान डोंगराला धडकून आतले चौघेही गेले.

बटण दाबायच्या आधी एक सेकंद ऐका, कोणी बोलत नाहीये ना. दाबल्यावरही क्षणभर थांबा, नाहीतर तुमचा कॉलसाइनच, म्हणजे रेडिओवरचं विमानाचं नाव, अर्धा कापला जातो. एका फ्रिक्वेन्सीवर एका वेळी एकालाच बोलता येतं, दोघं एकदम बोलले की ऐकणाऱ्याला नुसती शिट्टी ऐकू येते. २७ मार्च १९७७, स्पेनचं टेनेरिफ बेट, दाट धुकं. केएलएम कंपनीच्या जंबोने कळवलं 'वी आर नाऊ ॲट टेकऑफ', टॉवरला वाटलं हे रनवेवर तयार होऊन थांबलेत, पण ते निघाले होते. टॉवर 'ओके' म्हणाला, मग 'टेकऑफसाठी थांबा, मी सांगतो' म्हणाला, पण नेमकं तेव्हाच पॅन ॲमचं विमान 'आम्ही अजून रनवेवरच आहोत' असं सांगत होतं, आणि केएलएमच्या कानात 'ओके' नंतर शिट्टी गेली. दोन्ही विमानं धडकली, ५८३ माणसं गेली. हे वर्गात सांगताना आजही माझा घसा दाटतो. म्हणून टेकऑफ हा शब्द क्लिअरन्स, म्हणजे टॉवरची परवानगी, मिळाला की रीडबॅकमध्येच वापरा, त्याआधी 'रेडी फॉर डिपार्चर'.

अडचण असेल तर आडवळणाने बोलू नका. १९९० मध्ये न्यूयॉर्कला एव्हियान्का या कोलंबियाच्या कंपनीच्या विमानातलं इंधन संपत आलं होतं, क्रूने 'प्रायॉरिटी' मागितली, इंधन संपतंय असंही सांगितलं, पण 'मेडे' किंवा 'इमर्जन्सी' हा शब्द काही उच्चारला नाही. शेवटी विमान कोसळलं, ७३ जण गेले.

आता टॉवर उत्तरच देत नसेल तर. घाबरून पुन्हा पुन्हा बटण दाबत बसू नका, आधी हेडसेटच्या दोन्ही पिना पूर्ण आत आहेत का बघा, एक हमखास अर्धी बाहेर आलेली असते. मग व्हॉल्यूम, स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण), ऑडिओ पॅनलवर कॉम वन म्हणजे पहिला रेडिओ निवडलाय की दुसरा, फ्रिक्वेन्सी बरोबर आहे का. अंगठा काढला तरी डिस्प्लेवर ट्रान्समिटची खूण तशीच दिसत असेल तर बटण अडकलंय आणि तुमच्यामुळे सगळ्यांची फ्रिक्वेन्सी तुंबलीय, लगेच सोडवा. आधीची फ्रिक्वेन्सी करून बघा, १२१.५ ही इमर्जन्सीची फ्रिक्वेन्सी करून बघा. तरीही काही नाही, तर स्क्वॉक ७६०० टाका, म्हणजे रेडिओ बंद पडलाय हे रडारवर कळतं, आणि टॉवरच्या दिव्याकडे लक्ष ठेवा. हवेत असताना स्थिर हिरवा म्हणजे उतरा, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्याला जाऊ द्या आणि घिरट्या घालत रहा. दिवा दिसला की दिवसा पंख हलवून दाखवा, तेवढ्याने टॉवरला कळतं.