युरोपचा रेल्वे पास घेताय? या चुका टाळा

एप्रिल उजाडला की मला भारतातून फोन यायला लागतात. मी जर्मनीत राहते, म्हणून रेल्वेचं सगळं मला विचारायचं अशी नातेवाइकांत रीतच पडली आहे. फोनची सुरुवात बहुतेक वेळा अशी असते: "अगं, युरेलचा सात दिवसांचा पास घेऊन टाकलाय. आता सांग, कुठे कुठे जायचं?" युरेल म्हणजे युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठीचा, इकडच्या बऱ्याच देशांत चालणारा रेल्वे पास. तो आधीच घेतला, इथेच पहिली चूक झालेली असते. पास ही सगळ्यात शेवटी घ्यायची गोष्ट आहे. आधी गावं, मग तारखा, मग गाड्या आणि मग पास.

पास म्हणजे सीट नव्हे

ही चूक मी दर उन्हाळ्यात बघते आणि दरवेळी तितकाच जीव तुटतो. युरेलचा ग्लोबल पास 33 देशांत चालतो, हे खरं. पण तो प्रवासाचं भाडं भरतो, बसायची जागा देत नाही. लोकलचा पास खिशात आहे म्हणून डेक्कन क्वीनच्या आरक्षित डब्यात जागा मिळते का? तसंच हे.

गेल्या काही वर्षांतली गोष्ट. माझी मावसबहीण, तिचा नवरा आणि सासू-सासरे जूनमध्ये पॅरिसहून स्वित्झर्लंडला निघाले. पुण्यातल्या एजंटने सांगितलं होतं, "पास आहे ना, कुठल्याही गाडीत चढा." सकाळी पॅरिसच्या गार द लियाँ स्टेशनवरून तिचा फोन आला, आवाज रडवेला. झुरिकला जाणाऱ्या टीजीव्हीला, म्हणजे फ्रान्सच्या वेगवान गाडीला, आरक्षण सक्तीचं असतं आणि पासवाल्यांसाठी मोजक्याच जागा ठेवलेल्या असतात. त्या दिवशीच्या सगळ्या गाड्यांतल्या त्या जागा संपल्या होत्या. साधी तिकिटं शिल्लक होती, पण आयत्या वेळच्या भावाने. चौघांची तिकिटं काढावी लागली, तीही संध्याकाळच्या गाडीची. सासरे दिवसभर बॅगेवर बसून होते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस. पासचा त्या दिवशीचा उपयोग काय झाला? झुरिक ते ल्युसर्न, तासाभराचाही नसलेला प्रवास.

म्हणून माझी सवय सांगते. गाड्यांची यादी कागदावर लिहायची आणि प्रत्येकीपुढे "आरक्षण हवं" किंवा "नको" असं लिहायचं. फ्रान्सची टीजीव्ही, स्पेनची एव्हीई, इटलीची फ्रेच्चारोस्सा, लंडनला जाणारी यूरोस्टार आणि रात्रीच्या गाड्या: इथे हवंच. त्याचे पैसे पासच्या वर. इटलीत साधारण 10 ते 15 युरो, यूरोस्टारला 30 किंवा त्याहून जास्त, तेही माणशी आणि दरवेळी. फ्रान्स आणि यूरोस्टारमध्ये पासवाल्यांच्या जागा मिळत असतील तरच पासचे पैसे भरा, आणि भरल्या दिवशीच त्या जागा पक्क्या करा.

उलट जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स या देशांतल्या बहुतेक गाड्यांत नुसतं चढून बसता येतं. आपल्याकडच्या वेटिंग लिस्टच्या धास्तीने लोक तिथेही प्रत्येक गाडीचं आरक्षण करत सुटतात. नका करू. सोबत म्हातारी माणसं असतील आणि शुक्रवार संध्याकाळ असेल, तर करा.

आरक्षण मिळालं नाही तर हळू गाडी बघा. इटलीतल्या रेजोनाले गाड्यांना आरक्षण लागत नाही. बेर्निना एक्सप्रेसच्या काचेच्या डब्यांना लागतं, पण सेंट मॉरित्झहून तिरानोला त्याच रुळांवरून साधी गाडीही जाते. डोंगर तेच, हिमनद्या त्याच. मला तर साधीच आवडते.

हिशेब न करता घेतलेला पास

पासच्या किमतीला प्रवासाच्या दिवसांनी भागा, त्यात आरक्षणाचे पैसे मिळवा. मग तेच प्रवास सुटे किती पडतात ते रेल्वेच्या साइटवर बघा. प्राग–व्हिएन्ना–बुडापेस्ट एवढंच करायचं असेल तर दोन-तीन महिने आधी काढलेली सुटी तिकिटं बहुतेक वेळा स्वस्त पडतात. लांबचे प्रवास जास्त असतील किंवा आयत्या वेळी बेत बदलायची मुभा हवी असेल तेव्हा पास परवडतो. हा हिशेब अर्ध्या तासाचा आहे. लाखभर रुपये खर्च करणाऱ्यांना त्याचा कंटाळा का येतो, हे मला कळत नाही.

स्वित्झर्लंडचा घोळ

आपल्या लोकांच्या सहलीचा जीव स्वित्झर्लंडमध्ये असतो आणि नेमकं तिथेच युरेल अपुरा पडतो. गावातल्या ट्राम आणि डोंगरातल्या पिवळ्या पोस्टबस त्यात येत नाहीत. सगळा वेळ याच देशात असेल तर स्विस ट्रॅव्हल पास घ्या: बस, ट्राम, तलावातल्या बोटी, पाचशेच्या वर संग्रहालयं, शिवाय रिगीचा डोंगर त्यात येतो. युंगफ्राउयोखला, म्हणजे बर्फातल्या त्या उंच स्टेशनला, मात्र तोही फुकट नेत नाही, शेवटच्या टप्प्यावर 25 टक्के सवलत देतो. मुक्काम एकाच गावी आणि रोज एखादा डोंगर असा बेत असेल तर हाफ फेअर कार्ड बघा; युंगफ्राउयोखचं तिकीटही त्यावर निम्म्यात मिळतं. युरेल आणि स्विस ट्रॅव्हल पास असे दोन्ही एकाच वेळी घेऊन आलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. तो पैसा वाया जातो.

लहान, पण महागात पडणाऱ्या चुका

पासवरचा प्रवासाचा दिवस मध्यरात्री ते मध्यरात्री मोजतात. रात्रीची गाडी बाराच्या आधी पकडली तर सुटण्याचा एकच दिवस खर्ची पडतो, पण बारानंतर गाडी बदलली तर दुसरा दिवसही जातो.

4 ते 11 वयाच्या मुलांचा पास मोठ्यांबरोबर फुकट असतो, पण तो काढावा लागतो. फुकट आहे म्हणून काढलाच नाही, असं चालत नाही.

मोबाइल पास रेल प्लॅनर अ‍ॅपमध्ये असतो. गाडीत चढण्याआधी तो प्रवास अ‍ॅपमध्ये टाका. तपासनीस समोर आल्यावर नव्हे. दर तीन दिवसांत एकदा तरी फोन इंटरनेटला जोडा.

इटलीची इटालो आणि फ्रान्सची वीगो या गाड्या पासवर चालत नाहीत. शहरातल्या मेट्रोही नाहीत.

इकडे शिकायला आलेल्या मुलांनो, तुम्ही युरोपचे रहिवासी आहात. तुमचा पास इंटररेल, युरेल नव्हे. 27 वर्षांपर्यंत तरुणांचा दर मिळतो, तो सोडू नका.

व्हिसा न बघता आखलेला रूट

पास ब्रिटनमध्ये चालतो, शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून असलेला एकच व्हिसा) चालत नाही. तिथला व्हिसा वेगळा काढावा लागतो, एवढं बहुतेकांना माहीत असतं. सिंगल एंट्रीचं मात्र ध्यानात येत नाही. शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल आणि तुम्ही मध्येच पॅरिसहून यूरोस्टारने लंडनला गेलात, तर तो प्रवेश तिथेच संपला. परत येता येणार नाही, पासचे कितीही दिवस उरलेले असोत. पासपोर्टवरचा व्हिसा नीट वाचा. सिंगल एंट्री असेल तर लंडन सगळ्यात शेवटी ठेवा आणि मुंबईचं विमान तिथूनच पकडा.